संकेतार्थ उसना नाही: स्पॅनिशच्या भूतकालीन सबजंक्टिव्हविषयीच्या एका रूढ समजाचा प्रतिवाद

स्पॅनिशच्या वर्गात मध्यम पातळी गाठलेल्या मराठी विद्यार्थ्याला एक गोष्ट हमखास सांगितली जाते, ती अशी की सबजंक्टिव्ह नावाचा प्रकार मराठीत मुळातच नाही, म्हणून त्याचे भूतकाळी रूप शिकताना मराठी बाजूला ठेवावी आणि इंग्रजीच्या आधाराने पुढे जावे. सबजंक्टिव्ह म्हणजे क्रियापदाचे असे रूप, की ज्यातून क्रिया घडली किंवा घडते असे ठाम विधान होत नाही, तर ती इच्छिलेली, शंकास्पद, केवळ कल्पिलेली किंवा घडायची राहून गेलेली म्हणून मांडली जाते. या समजाच्या जोडीला मराठी व्याकरणाविषयीचे एक मतही उभे असते. संकेतार्थ आणि विध्यर्थ हे क्रियापदाचे 'अर्थ', म्हणजे बोलणाऱ्याचा क्रियेकडे पाहण्याचा भाव दाखवणारे प्रकार, एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी इंग्रजी पुस्तके समोर ठेवून मराठीवर बसवले आणि प्रत्यक्ष भाषेत त्यांना आधार नाही, असे ते मत आहे. ही दोन मते निरनिराळ्या वाटांनी आलेली असली तरी त्यांचा परिणाम एकच होतो: विद्यार्थ्याच्या हाती जन्मापासून असलेले ज्ञान त्याच्याकडून काढून घेतले जाते आणि दुसऱ्या परक्या भाषेतून तिसरी भाषा शिकण्याची सक्ती त्याच्यावर होते. दोन्ही मते चुकीची आहेत, आणि ती चुकीची का आहेत हे दाखवण्यासाठी भावनेचा आधार घ्यावा लागत नाही, मराठीच्या क्रियापदांची रूपे नीट पाहिली म्हणजे पुरते.

हा वाद रत्नागिरीच्या अंगणातला आहे, कारण मराठी क्रियापदाचा शास्त्रीय विचार ज्यांनी पायाशुद्ध केला त्यांतली दोन मोठी नावे याच भूमीतली आहेत. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म 1837 साली मालवणला झाला, आणि मालवण 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. त्यांचे शालेय शिक्षण रत्नागिरीत झाले आणि 1877 साली मुंबईत दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत त्यांनी संस्कृतचे काळ व अर्थ लोपल्यावर कृदन्तांपासून, म्हणजे धातूंपासून झालेल्या विशेषणांसारख्या शब्दांपासून, आजच्या भाषांची क्रियापदे कशी घडली याची मांडणी केली. दुसरे नाव मोरो केशव दामले यांचे. रत्नागिरीजवळच्या मालगुंडला जन्मलेल्या कवी केशवसुतांचे हे धाकटे बंधू, आणि त्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली प्रसिद्ध झाले. मालगुंडला जाणारे लोक केशवसुतांचे स्मारक पाहून परततात आणि ते योग्यच आहे, पण त्याच घरातल्या दुसऱ्या भावाने मराठी भाषेसाठी केलेले काम आज परीक्षेच्या मार्गदर्शिकांतल्या चार ओळींपुरते उरले आहे, ही खेदाची गोष्ट आहे. 'मराठीत सबजंक्टिव्हसारखे काही नाही' असे जो बेधडक सांगतो, त्याने दामल्यांचे आख्यातप्रकरण उघडलेले नसते.

उसनेपणाच्या आरोपात एक अंश खरा आहे आणि तो आधी मान्य केला पाहिजे. या किनाऱ्यावरील भाषांची पहिली छापील व्याकरणे परक्यांनी लिहिली आणि ती त्यांच्या परिचयाच्या चौकटीत लिहिली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 साली, गोव्यात रायतूर येथे पोर्तुगीजमधून छापले गेले आणि त्याचा आराखडा लॅटिन व्याकरणाचा होता. विल्यम कॅरी यांनी 1805 साली सेरामपूरहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत काढले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्या समोर संस्कृत परंपरेबरोबर इंग्रजी शालेय व्याकरणाचा नमुनाही होता, आणि काळ, अर्थ, प्रयोग यांची त्यांनी केलेली विभागणी त्या नमुन्यापासून पूर्णपणे मुक्त नव्हती. परंतु वर्गीकरणाची पद्धत बाहेरून येणे ही एक गोष्ट आहे आणि ज्याचे वर्गीकरण केले ती वस्तूच बाहेरची असणे ही दुसरी. मराठी माणूस दादोबांच्या आधीही 'तू असतास तर' असे म्हणत होता.

शिवाय ही कल्पना इंग्रजीकडून येण्याची गरजच नव्हती. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात लृङ् या लकाराची, म्हणजे संस्कृत क्रियापदाच्या एका स्वतंत्र रूपावलीची, योजना क्रियातिपत्तीसाठी सांगितली आहे. क्रियातिपत्ती म्हणजे एक क्रिया घडली नाही म्हणून तिच्यावर अवलंबून असलेली दुसरीही घडली नाही अशी स्थिती. पाऊस चांगला झाला असता तर सुगी आली असती, या धर्तीच्या वाक्यांत संस्कृतमध्ये दोन्ही क्रियापदे लृङ्मध्येच येतात. संकेतार्थ हे नाव नवे असले तरी त्याखालची जाणीव या परंपरेत अडीच हजार वर्षांच्या आसपासची आहे, आणि तिला 'इंग्रजीची नक्कल' म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

आता रूपांकडे वळावे. 'तो रत्नागिरीत असतो' आणि 'तो रत्नागिरीत असता तर' या दोन वाक्यांत क्रियापदाचा फक्त शेवटचा स्वर बदलला आहे, पण पहिल्यात त्याचे वास्तव्य सांगितले आहे आणि दुसऱ्यात तो तिथे नाही हे सांगितले आहे. स्त्रीलिंगी 'ती असते' याच्या समोर 'ती असती' उभे राहते, द्वितीय पुरुषात 'तू असतोस' याच्या समोर 'तू असतास' आणि 'तू असतेस' याच्या समोर 'तू असतीस' येते. अनेकवचनात फरक आणखी ठळक होतो, कारण 'ते असतात', 'त्या असतात', 'ती असतात' या एकाच रूपाच्या जागी 'ते असते', 'त्या असत्या', 'ती असती' अशी लिंगानुसार तीन निरनिराळी रूपे होतात. मराठी व्याकरणात आख्यात म्हणजे काळ, अर्थ, लिंग, वचन किंवा पुरुष दाखवणारे प्रत्यय लागून सिद्ध झालेले क्रियापदाचे रूप, आणि या परंपरेने आख्यातांची नावे प्रत्ययांवरूनच ठेवली आहेत: 'तो' प्रत्ययाचे ते प्रथम ताख्यात, 'ता' प्रत्ययाचे ते द्वितीय ताख्यात, 'ला' चे लाख्यात, 'आवा' चे वाख्यात. वरच्या सगळ्या जोड्या प्रथम आणि द्वितीय ताख्यातांच्या आहेत. ज्या भाषेत एक अख्खी रूपावली न घडलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवलेली आहे, त्या भाषेला हा अर्थच ठाऊक नाही असे म्हणता येत नाही.

प्रतिपक्षाकडून यावर एक आक्षेप येतो आणि तो तितका पोकळ नाही. प्रथम पुरुषी 'मी असतो' हे दोन्हीकडे सारखेच राहते, नपुंसकलिंगी एकवचनी 'ते असते' हेही सारखेच राहते, आणि जिथे रूप वेगळे नाही तिथे वेगळा अर्थ कसा मानायचा, असे विचारले जाते. पण याच कसोटीवर स्पॅनिशचे काय होते ते पाहावे. 'आब्लार', म्हणजे बोलणे, या धातूच्या भूतकालीन सबजंक्टिव्हमध्ये प्रथम आणि तृतीय पुरुषाचे एकवचन 'आब्लारा' असे एकच आहे, आणि इंग्रजीची अवस्था तर अशी की अस्तित्ववाचक एका क्रियापदाचे एखाददुसरे रूप सोडले तर तिथे सबजंक्टिव्हचे भूतकाळी रूप साध्या भूतकाळापासून कुठेही वेगळे ओळखू येत नाही. तरीही इंग्रजीत हा प्रकार आहे आणि मराठीत नाही असे शिकवले जाते. रूपावलीतील एकदोन जागा जुळून गेल्याने रूपावली नाहीशी होत नाही. नाहीतर जगातल्या बहुतेक भाषांच्या बहुतेक विभक्ती रद्द कराव्या लागतील.

याहून भक्कम पुरावा नकारात सापडतो, आणि त्याच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. मराठीत क्रियापदाचा नकार एकाच शब्दाने होत नाही, तो अर्थानुसार बदलतो. साध्या विधानाचा, म्हणजे स्वार्थाचा, नकार 'तो येत नाही', 'तो आला नाही' किंवा 'तो आला नव्हता' असा होतो. आज्ञार्थाचा 'येऊ नको' असा होतो. कर्तव्य, योग्यता, इच्छा दाखवणाऱ्या विध्यर्थाचा, म्हणजे 'त्याने यावे' याचा, 'त्याने येऊ नये' असा होतो. आणि संकेतार्थाचा 'तो आला नसता' असा होतो. 'तो आला असता' याचा नकार म्हणून 'तो आला असता नाही' असे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही, आणि 'त्याने यावे नाही' हेही कोणाच्या तोंडून निघणार नाही. शाळेची पायरी न चढलेल्या, व्याकरण हा शब्दही न ऐकलेल्या, रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या मासळी बाजारात बसणाऱ्या बाईच्या बोलण्यातही नाही, नको, नये आणि नसता या चौघांची अदलाबदल होत नाही. ही विभागणी दादोबांनी किंवा कॅरींनी शिकवलेली नाही. जी गोष्ट पुस्तकाशिवाय इतक्या अचूकपणे पाळली जाते तीच भाषेची स्वतःची असते, आणि चार अर्थांचा याहून सरळ दाखला मागण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप उत्पत्तीविषयीचा आहे. 'असता', 'करता' ही मुळात वर्तमानकाळवाचक कृदन्ते, संस्कृतमधील शतृ-प्रत्ययान्त रूपांची वंशज. 'यावा', 'करावा' ही तव्य-प्रत्ययान्त कृदन्तांची वंशज. म्हणून ती खरी आख्याते नव्हेत, केवळ विशेषणे आहेत, त्यांना 'अर्थ' म्हणणे चूक, असे सांगितले जाते. कृदन्तांपासूनची व्युत्पत्ती बरोबरच आहे, भांडारकरांपासून ती सांगितली गेली आहे आणि फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांच्या 1920 च्या ग्रंथानेही मराठीची जडणघडण याच दिशेने उलगडली. चूक आहे ती व्युत्पत्तीवरून काढलेल्या निष्कर्षात, आणि ती चूक उघडी पाडायला खुद्द स्पॅनिशच पुरेशी आहे. स्पॅनिशच्या भूतकालीन सबजंक्टिव्हला दोन समांतर रूपे आहेत, एक 'रा' ने संपणारे आणि दुसरे 'से' ने संपणारे: 'आब्लारा' आणि 'आब्लासे'. यांतले 'से' हे रूप लॅटिनच्या पूर्णभूतकालीन सबजंक्टिव्हमधून आले आहे, म्हणजे ते कुळाने सबजंक्टिव्हच आहे. पण 'रा' हे रूप, जे आज कितीतरी अधिक वापरले जाते आणि जे विद्यार्थ्याला प्रथम शिकवले जाते, ते लॅटिनच्या साध्या विधानार्थी पूर्णभूतकाळाचे वंशज आहे. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये त्याच लॅटिन रूपाचा वारस अजूनही विधानार्थी पूर्णभूतकाळ म्हणूनच लेखनात येतो. उत्पत्तीवरूनच अर्थ ठरवायचा असेल तर स्पॅनिशचे 'आब्लारा' सबजंक्टिव्हमधून काढून टाकावे लागेल. तसे कोणी करत नाही, कारण आज ते रूप कोणते काम करते हेच पाहिले जाते. मराठीला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

अर्थांची संख्या किती मानायची याविषयी वाद असतो, हे तर प्रतिपक्षाचे सर्वांत दुबळे शस्त्र आहे. आंतोनियो दे नेब्रिखा यांनी 1492 साली लिहिलेल्या कास्तील्यन, म्हणजे आजच्या स्पॅनिश, भाषेच्या व्याकरणात पाच अर्थ मानले होते आणि त्यांत इच्छार्थ हा सबजंक्टिव्हपासून निराळा होता. आंद्रेस बेयो यांनी 1847 साली चिलीमध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात 'रीआ' ने संपणारे, म्हणजे अटीचा परिणाम सांगणारे, रूप विधानार्थात घातले. स्पेनच्या शाही भाषा-अकादमीने ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतंत्र 'शक्यतार्थ' म्हणून दाखवले आणि पुढे तेही विधानार्थात हलवले. चारशे-पाचशे वर्षे चाललेल्या या मांडामांडीवरून स्पॅनिशमध्ये सबजंक्टिव्ह नाही असा निष्कर्ष कोणी काढला नाही. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकर, गुंजीकर, दामले, पुढे अरविंद मंगरूळकर आणि कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांनी या वर्गीकरणावर खल केला, तो भाषेच्या समृद्धीचा खल आहे, अभावाचा नाही.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे यावे, कारण खरे नुकसान तिथे होते. इंग्रजीच्या आधाराने गेलेला मराठी विद्यार्थी तीन ठिकाणी ठरलेल्या चुका करतो. 'माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतले असते' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'सि तुबिएरा दिनेरो, कोंप्रारीआ उना कासा' असे होते, आणि त्यातले 'तुबिएरा' हे 'तेनेर', म्हणजे जवळ असणे, या धातूचे भूतकालीन सबजंक्टिव्ह आहे. इंग्रजीत इथे साधा भूतकाळ दिसतो, म्हणून विद्यार्थी विधानार्थी अपूर्ण भूतकाळ योजून 'सि तेनीआ' असे लिहितो. तो धोका टाळायला जावे तर इंग्रजीच्या मुख्य वाक्यातले सहाय्यक क्रियापद डोक्यात घोळत असते, आणि तो 'सि तेन्द्रीआ' लिहून बसतो. तिसरी चूक इच्छावाचक वाक्यांत होते: 'तू यावेस असे मला वाटत होते' याला इंग्रजी क्रियापदाचे मूळ रूप, म्हणजे काळ-पुरुष नसलेले रूप, देते, आणि स्पॅनिश मात्र 'केरीआ के बिनिएरास' असे पूर्ण पोटवाक्य मागते, इंग्रजीवरून चालणाऱ्याला तिथे क्रियापद चालवायचे आहे हेच उमगत नाही.

तोच विद्यार्थी मराठीवरून चालला असता तर यांतल्या दोन चुका मुळात संभवल्याच नसत्या. 'तो आला तर मी जाईन' आणि 'तो आला असता तर मी गेलो असतो' यांतला भेद त्याला लहानपणीच अवगत झालेला असतो, आणि पहिल्या वाक्याला स्पॅनिशमध्ये विधानार्थ लागतो, दुसऱ्याला सबजंक्टिव्ह लागतो, एवढेच त्याला सांगावे लागते. रत्नागिरीतल्या कोणत्याही बागायतदाराच्या तोंडी असलेले वाक्य घ्यावे: 'मोहोर गळला नसता तर आंबा भरपूर झाला असता.' स्पॅनिशमध्ये हे 'सि नो से उबिएरा काइदो ला फ्लोर, उबिएरा आबिदो मुचोस मांगोस' असे म्हणता येते, आणि इथे वाक्याच्या दोन्ही भागांत 'उबिएरा' हे एकच सहाय्यक क्रियापद आले आहे, जसे मराठीत दोन्हीकडे 'असता' कुळातलेच रूप येते. मुख्य वाक्यात 'आब्रीआ' हे रूपही शुद्ध आहे आणि पाठ्यपुस्तके सहसा तेच पुढे करतात, परंतु 'उबिएरा' दोनदा योजणे शिष्ट स्पॅनिशमध्ये पूर्णपणे मान्य आहे. संस्कृतचे दोन लृङ्, लॅटिनमधली दोन सबजंक्टिव्ह, मराठीचे दोन 'असता' आणि स्पॅनिशचे दोन 'उबिएरा' एका रांगेत बसतात. या रांगेत न बसणारी भाषा इंग्रजी आहे, आणि नेमकी तीच भाषा मार्गदर्शक म्हणून निवडली जाते, हे शिक्षणदृष्ट्या समर्थनीय नाही.

इच्छेच्या वाक्यांत मराठीची साथ याहूनही निकटची आहे, मात्र ती संकेतार्थाची नसून विध्यर्थाची आहे, आणि हेच आजवर नीट सांगितले गेलेले नाही. 'तू यावेस' मधला शेवटचा 'स' द्वितीय पुरुष दाखवतो, म्हणजे हे पूर्णपणे चालवलेले क्रियापद आहे, आणि 'तू येतोस अशी माझी इच्छा आहे' हे वाक्य मराठीत चालत नाही. इच्छा, गरज, विनंती, सूचना या शब्दांच्या आधी येणारे पोटवाक्य विध्यर्थच मागते. मुख्य वाक्यातील शब्दामुळे पोटवाक्यातील अर्थ सक्तीने बदलणे हे स्पॅनिश सबजंक्टिव्हचे खास लक्षण म्हणून शिकवले जाते आणि ते मराठीत नाही असे म्हटले जाते. ते मराठीत आहे, रोजच्या बोलण्यात आहे. 'बाबांनी मुंबईला जाऊ नये असे आईला वाटत होते' या वाक्याची जडण आणि 'केरीआ के नो बिनिएरास' या वाक्याची जडण एकाच जातीची आहे.

याचा अर्थ असा की स्पॅनिशचे एक भूतकालीन सबजंक्टिव्ह मराठीत दोन अर्थांत वाटले गेले आहे: न घडलेल्या अटीचा भाग संकेतार्थाकडे आणि इच्छा-विनंती-उद्देशाचा भाग विध्यर्थाकडे. मराठीत हा प्रकार नाही असे वाटण्याचे मूळ कदाचित इथेच आहे, कारण शोधणारा एकच रूप शोधत राहतो आणि ते त्याला मिळत नाही. वस्तुस्थिती अशी की या ठिकाणी मराठीने स्पॅनिशहून बारीक भेद केला आहे.

जिथे मराठी पुरी पडत नाही त्या जागाही सांगितल्या पाहिजेत, कारण शिक्षकाचे श्रम तिथेच लागायचे आहेत. पहिली जागा काळाच्या अनुसरणाची. 'तू यावेस असे वाटते' आणि 'तू यावेस असे वाटत होते' यांत मराठीचे 'यावेस' हलत नाही, पण स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की पोटवाक्यालाही मागे जावे लागते: 'किएरो के बेंगास', परंतु 'केरीआ के बिनिएरास'. मराठी भाषकाला भूतकालीन सबजंक्टिव्हमध्ये सर्वांत नवे असते ते हेच, आणि तेच सर्वांत कमी समजावले जाते. दुसरी जागा दूरच्या शक्यतेची: उद्या कोणी येण्याची शक्यता थोडीशीच असेल तर स्पॅनिश 'सि बिनिएरा' म्हणू शकते, मराठी मात्र 'समजा तो आला तर' असे म्हणून लाख्यातावरच भागवते आणि 'असता' हे निश्चित न घडलेल्यासाठी राखते. तिसरी जागा सध्याच्या आणि गतकाळातल्या अटीची: 'आज पैसे असते तर घर घेतले असते' आणि 'तेव्हा पैसे असते तर घर घेतले असते' यांत मराठीचे क्रियापद बदलत नाही, काळ 'आज' आणि 'तेव्हा' सांगतात, तर स्पॅनिशला 'तुबिएरा' आणि 'उबिएरा तेनिदो' असे दोन निराळे प्रयोग करावे लागतात. याखेरीज 'तो येण्याआधी', 'मराठी येणारा कोणीतरी', 'राजा असल्यासारखा' अशा ठिकाणी मराठी धातुसाधितांवर, म्हणजे पूर्ण क्रियापद नसलेल्या रूपांवर, काम चालवते आणि स्पॅनिशला तिथे सबजंक्टिव्हचे पोटवाक्य लागते. ही यादी करून पाठ करण्याजोगी आहे. रूपसिद्धीची भीती मात्र अनाठायी आहे. साध्या भूतकाळाच्या तृतीय पुरुषी अनेकवचनातून, उदाहरणार्थ 'तुबिएरोन' मधून, शेवटचे 'रोन' काढून 'रा' लावले की 'तुबिएरा' तयार होते, आणि या नियमाला स्पॅनिशमध्ये एकही अपवाद नाही.

यावर व्यवहाराचे कारण पुढे केले जाते: पुस्तके इंग्रजीत आहेत, परीक्षांच्या सूचना इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये असतात, शिक्षकांनी स्वतः इंग्रजीतून शिकलेले असते, मग मराठीचा आग्रह कशाला. पण रत्नागिरी, संगमेश्वर, राजापूर इथल्या मराठी शाळांतून निघालेली मुले जहाजावरच्या नोकरीसाठी, पर्यटनासाठी किंवा भाषांतराच्या कामासाठी स्पॅनिशकडे वळतात, तेव्हा त्यांची इंग्रजी स्वतःच अजून पक्की झालेली नसते. अशा मुलांना कच्च्या इंग्रजीवर स्पॅनिश उभी करायला लावणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा नव्हे तर त्यांच्या माध्यमाचा दोष त्यांच्या माथी मारणे होय. या मुलांना 'तुमच्या भाषेत हे नाही' असे सांगणे तर सरळ अन्यायाचे आहे, कारण ते खोटे आहे, आणि एकदा हे पटले की मूल आपल्या भाषेकडे वळून पाहण्याचेही सोडते.

म्हणून मुंबई-पुण्यातील विद्यापीठीय विभागांनी, खासगी वर्ग चालवणाऱ्यांनी आणि मराठीच्या प्राध्यापकांनी मिळून मराठी भाषकांसाठी स्पॅनिशचे व्याकरण मराठीतूनच लिहावे, त्यात सबजंक्टिव्हचे प्रकरण इंग्रजी उदाहरणांनी नव्हे तर 'असता' आणि 'यावा' या दोन रूपांनी सुरू करावे, नकारासाठी 'नसता' आणि 'नये' समोरासमोर ठेवावेत, आणि मग काळाच्या अनुसरणावर हवी तितकी पाने खर्च करावीत. त्यासाठी लागणारी परिभाषा नव्याने घडवायची नाही. दामल्यांच्या 1911 च्या ग्रंथात ती तयार आहे.